छापायचं बटण कुठं गेलं? स्क्रीनचा आकार बदलला की टूलबारचं काय होतं ते

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी लिहिलेलं पट्टीचं सॉफ्टवेअर चालतं. पट्टी म्हणजे शेतकऱ्याची हळद विकली गेली की किती पोती, किती वजन, काय दर, हमाली तोलाई वजा जाऊन हातात किती, हे सगळं मांडलेला कागद, आणि तो हातात पडल्याशिवाय शेतकरी दुकानातून हलत नाही. तिथले दिवाणजी साठीच्या पुढचे आहेत, कित्येक वर्षं त्यांच्यापुढं एक १७ इंची चौकोनी मॉनिटर होता आणि त्यावर त्यांचा हात असा बसलेला की बटणाकडं न बघता पट्टी छापायचे. शेठनी नवा लॅपटॉप आणला, १५.६ इंची, फुल एचडी, आणि पहिल्याच दिवशी ऐन सौद्याच्या वेळेला मला फोन, "अहो, ते छापायचं बटण कुठं गेलं? शेतकरी उभा आहे हितं."

जाऊन बघितलं तर बटण गेलं नव्हतं कुठंच, ते स्क्रीनच्या खाली होतं. माझी विंडो स्क्रीनपेक्षा उंच झालेली आणि सगळ्यात खालची बटणांची रांग दिसतच नव्हती. मला आधी वाटलं असं कसं होईल, नवीन स्क्रीनवर तर पिक्सेल, म्हणजे चित्र बनवणारे बारीक ठिपके, जास्त आहेत. मग तिथंच मोजपट्टी घेऊन मोजलं. जुना १७ इंची मॉनिटर ५:४ आकाराचा, म्हणजे साधारण ३३.७ सेंटीमीटर रुंद आणि २७ उंच. नवीन लॅपटॉप १६:९ आकाराचा, ३४.५ रुंद आणि १९.४ उंच. रुंदी जवळपास तीच राहिली आणि उंची साडेसात सेंटीमीटर गेली! इंच आपण तिरके मोजतो ना, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, त्यामुळं १७ आणि १५.६ मध्ये फार फरक वाटत नाही, पण स्क्रीन जितकी लांबट तितकी तिची उंची त्या तिरक्या मापात लपून जाते.

आता पिक्सेलचं बघा. जुना मॉनिटर १२८० × १०२४. नवीन १९२० × १०८०, म्हणजे उंचीतही ५६ पिक्सेल जास्तच. पण तेवढ्याशा स्क्रीनवर तेवढे पिक्सेल कोंबल्यावर अक्षरं मुंगीएवढी होतात, म्हणून विंडोज सगळं मोठं करून दाखवतं, त्याला स्केलिंग म्हणतात, आणि दिवाणजींच्या डोळ्यांना बरं म्हणून कुणीतरी ते १५० टक्क्यांवर नेऊन ठेवलेलं. १५० टक्के म्हणजे प्रत्येक गोष्ट दीडपट, म्हणजे प्रोग्रामच्या हिशोबानं स्क्रीन उरली १२८० × ७२०. रुंदी अगदी तीच १२८० आणि उंची १०२४ वरून ७२०, तीनशे चार पिक्सेल गायब. त्यातून खाली टास्कबार आहेच, विंडोज ११ मध्ये तो ४८ पिक्सेल खातो. मी विंडो केली होती नऊशेच्या वर उंचीची. बटण दिसणार कसं?

ऑफिसच्या कामाच्या सॉफ्टवेअरला ही उंचीची टंचाई जास्तच जाणवते कारण आपला कागद उभा आणि स्क्रीन आडवी. ए४ कागद २१० × २९७ मिलिमीटर, शंभर टक्के झूमला तो स्क्रीनवर होतो साधारण ७९४ × ११२३ पिक्सेल. स्वस्तातल्या लॅपटॉपवर अजूनही १३६६ × ७६८ ची स्क्रीन भरपूर दिसते, त्यावर वर्ड उघडा, टास्कबार, टायटल, रिबन म्हणजे वरची बटणांची जाड रांग, खालची स्टेटसची पट्टी असं सगळं वजा केलं की उंचीत साडेपाचशेच्या आसपास उरतात, म्हणजे पान अर्धंसुद्धा दिसत नाही, आणि त्याच वेळी कागदाच्या दोन्ही बाजूला मिळून ५७२ पिक्सेल राखाडी रंगाची जागा नुसती पडून आहे. जिथं टंचाई तिथंच आपण बटणांच्या रांगांवर रांगा चढवतो आणि जिथं जागा मोकळी तिथं काहीच नाही, हे एकदा डोळ्यांना दिसलं की परत न दिसल्यासारखं करता येत नाही.

हे असं का झालं तर टूलबारची, म्हणजे बटणांच्या रांगेची, सवय लागली ती चौकोनी स्क्रीनच्या काळात. ६४० × ४८०, मग ८०० × ६००, मग १०२४ × ७६८, सगळ्या ४:३ आकाराच्या, म्हणजे उंची रुंदीच्या पाऊणपट. तेव्हा वरच्या बाजूला दोन रांगा बटणं टाकली तरी खाली बरंच उरायचं. नंतर सिनेमा बघायला सोयीच्या लांबट स्क्रीन सगळीकडं आल्या आणि इकडं सॉफ्टवेअरमध्ये कमांड वाढतच गेल्या. वर्ड २००३ मध्ये टूलबारच तीसच्या आसपास होते, चालू बंद करता येणारे, आणि कोण काय चालू करून बसेल त्याचा नेम नसायचा. मी क्लासमधल्या पीसीवर अर्धी स्क्रीन टूलबारनं भरलेली स्वतः बघितलीय, टाईप करायला चार ओळी शिल्लक.

आता मी पहिला उपाय केला तो सगळे करतात तोच, बटणं खालून वर आणली आणि एका रांगेत मावली नाहीत तर दुसऱ्या रांगेत उतरू दिली. कोडमध्ये हे एका ओळीचं काम आहे आणि म्हणूनच फसवं आहे. एक तर उंचीची टंचाई असताना आणखी एक रांग म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. आणि दुसरं जास्त वाईट, विंडो थोडी बारीक केली की पहिल्या रांगेतलं शेवटचं बटण खाली उतरून दुसऱ्या रांगेत पहिलं होतं, म्हणजे उजव्या टोकाला असलेलं "छापा" एकदम डाव्या टोकाला. दिवाणजींचा हात जातो उजवीकडं, तिथं आता "रद्द". मी हे दोनच दिवस ठेवलं आणि काढून टाकलं.

दुसरा उपाय मला फार हुशारीचा वाटलेला. कुठलं बटण किती वेळा दाबलं जातं ते प्रोग्रामनंच मोजायचं आणि जागा कमी पडली की जे कमी वापरलं जातं ते लपवायचं. मायक्रोसॉफ्टनं ऑफिस २००० मध्ये मेनूबाबत हेच केलं होतं, ज्यांनी वापरलंय त्यांना आठवेल, मेनू उघडला की तुमच्या नेहमीच्या थोड्याच कमांड दिसायच्या आणि बाकीच्या खाली दोन बाणांच्या मागं, जरा थांबलं की उघडायच्या. लोक वैतागले होते, कारण कालपर्यंत चौथ्या नंबरला असलेली कमांड आज दुसऱ्या नंबरला, आणि जी वर्षातून एकदा लागते ती नेमकी लागते तेव्हाच नाही. माझ्याकडंही तेच झालं, वार्षिक हिशोबाचं बटण अकरा महिने कुणी दाबलं नाही म्हणून प्रोग्रामनं आत टाकलं आणि मार्चअखेरीला दिवाणजी परत फोनवर.

इथं मला खरी गोष्ट कळली असं मी म्हणेन. दिवाणजी बटण वाचत नाहीत, जागा लक्षात ठेवतात. तुम्ही आम्हीही तसंच करतो, घरातल्या लाईटचं बटण अंधारात हात बरोबर शोधतो ना, तसं. दुकानातली गादी बघा, तिथं बसल्यावर हाताशी काय, मागच्या फडताळात काय आणि माळ्यावर काय हे ठरलेलं असतं. दुकान छोट्या गाळ्यात हलवलं तर माळ्यावरचं सामान वाढेल, फडताळ गच्च होईल, पण शिक्का आणि पेन उजव्या हातालाच राहणार. टूलबारचं डिझाईन म्हणजे हे आधी ठरवणं, की जागा कमी व्हायला लागली तर माळ्यावर आधी काय जाईल, मग काय, आणि काय कधीच जाणार नाही. हे मशीनला विचारून ठरत नाही, दुकानात बसून बघावं लागतं.

२००७ च्या ऑफिसात जी रिबन आली तिला तेव्हा भरपूर शिव्या पडल्या, मीही दिल्या असतील, पण आकाराच्या बाबतीत तिच्यात एक फार चांगला विचार आहे. बटणांचे गट केलेले असतात आणि प्रत्येक गटाला चार रूपं देता येतात. पहिलं मोठं, मोठं चित्र आणि खाली नाव. दुसरं मधलं, छोटं चित्र आणि शेजारी नाव. तिसरं नुसतं छोटं चित्र. चौथं म्हणजे अख्खा गट एका बटणात घडी होऊन बसतो, दाबलं की उघडतो. विंडो बारीक होत गेली की कुठला गट कधी आकसेल त्याचा क्रम डिझाईन करणाऱ्यानं आधीच लिहून ठेवलेला असतो. आणि डावीकडून उजवीकडं गटांचा क्रम मात्र बदलत नाही. आत्ता वर्ड उघडा, विंडोची उजवी कड माउसनं धरा आणि हळूहळू आत ढकला, स्टाइल्सची लांब पट्टी आखडताना दिसेल, मग नावं गळतील, मग गटांची बटणं होतील, पण कुणी कुणाच्या डोक्यावरून उडी मारून जात नाही. २००७ मध्ये तर विंडो रुंदीत ३०० पिक्सेलच्या खाली नेली की रिबन अख्खीच नाहीशी व्हायची, म्हणजे एवढ्या जागेत बटणं दाखवण्यापेक्षा निदान मजकूर तरी दिसू दे असा तो निर्णय. पुढं २०१८ पासून एका ओळीची साधी रिबनही आली, उंची वाचवायलाच, जे मावत नाही ते टोकाच्या तीन टिंबांमागं.

मग मी तिसऱ्यांदा बसलो, यावेळी दुकानात, दिवाणजींच्या शेजारी, दोन दिवस. नवी पट्टी, छापा आणि शोधा ही तीन बटणं डाव्या टोकाला पक्की केली, ती कुठल्याही स्क्रीनवर तिथंच राहणार, नावासकट. वजन, हमाली, पावती हा गट आधी नावं टाकतो, मग घडी होतो. रिपोर्ट आणि वार्षिक हिशोब सगळ्यात आधी आत जातात पण नेहमी त्याच तीन टिंबांमागं, त्याच क्रमानं. "रद्द" मी मुद्दाम लांब नेलं.

नावं टाकायची म्हटल्यावर एक अडचण अशी आली जी इंग्रजीतल्या कुठल्याच गाईडमध्ये मला सापडली नाही. माझ्या बटणांची नावं होती "पट्टी छापा", "पट्टी शोधा", "पट्टी रद्द करा". जागा कमी पडली की नाव मधेच तोडून पुढं तीन टिंबं टाकायची ही सगळ्या सॉफ्टवेअरची सवय. तोडल्यावर तिन्ही बटणं झाली "पट्टी…", "पट्टी…", "पट्टी…". इंग्रजीत क्रियापद पहिलं येतं म्हणून शेपूट तुटलं तरी प्रिंट कुठलं नि डिलीट कुठलं ते कळतं, मराठीत क्रियापद शेवटी, तोडलं की नेमकं कामच जातं. त्यामुळं मराठी बटणाला दोन नावं लिहून ठेवावीत, एक ऐसपैस जागेसाठी "पट्टी छापा" आणि एक अडचणीच्या जागेसाठी नुसतं "छापा", आणि प्रोग्रामला कधीच स्वतःहून तोडू देऊ नये.

उंचीचंही तसंच. देवनागरीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचं पोट, त्यामुळं इंग्रजीसाठी नेमकी बसवलेली रांग आपल्याला पुरत नाही. उंची वाचवायच्या नादात मी बटण २२ पिक्सेलचं केलं आणि खालचा उकार कापला गेला, "पुसा" चं झालं "पसा". मराठी लावून सॉफ्टवेअर तपासत नाहीत त्यांना हे कधी दिसणारच नाही.

आता फोन. शेठचा मुलगा सौद्याला उभा राहून फोनवरच वजनं टाकतो, हळदीनं पिवळी झालेली बोटं, एका हातात फोन, दुसऱ्या हातात हळकुंडं. फोनची स्क्रीन उभी, रुंदी अँड्रॉइडच्या मापात बहुतेक ३६० च्या आसपास. बोटाला नीट दाबता यावं म्हणून बटण त्याच मापात किमान ४८ असावं असं अँड्रॉइड सांगतं, प्रत्यक्षात ते साधारण ९ मिलिमीटर होतं. ३६० भागिले ४८, साडेसात. म्हणजे नुसती चित्रं ठेवली तरी सातच बटणं, आणि चित्रासोबत मराठी नाव हवं असेल तर चार. कॉम्प्युटरवरची सतरा बटणं बारीक करून फोनवर बसवायचा प्रश्नच येत नाही, तिथं परत विचारायला लागतं की उभ्या उभ्या काय करतो हा माणूस. वजन टाकतो, दर टाकतो, पुढच्या वकलावर, म्हणजे मालाच्या पुढच्या ढिगावर, जातो. बस. छापायचं बटण मी फोनवरून काढलंच, छापायचं काम गादीवरचं आहे. आणि रांग वर ठेवायची नाही, खाली ठेवायची, कारण एका हातानं फोन धरला की अंगठा वर पोचत नाही, फक्त कीबोर्ड उघडला की खालचा भाग झाकला जातो तेव्हा ही रांग कीबोर्डच्या डोक्यावर येऊन बसली पाहिजे, नाहीतर परत तेच, बटण कुठं गेलं.

माउसनं काम करणाऱ्यालाही बटणाचा आकार आणि अंतर लागू पडतंच. पॉल फिट्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मांडलं की एखाद्या ठिकाणी हात न्यायला लागणारा वेळ ते ठिकाण किती लांब आणि किती मोठं यावर ठरतो. म्हणून लांबलचक २१:९ च्या स्क्रीनवर बटणं ताणून या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरवू नयेत, जागा आहे म्हणून भरायची नसते, कामाच्या जवळ एकत्र ठेवावीत आणि उरलेलं मोकळं सोडावं. वेबवरच्या सुलभतेच्या नियमांत, डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, २०२३ पासून किमान २४ × २४ पिक्सेलचं माप दिलंय, तेवढं तरी पाळावंच.

आणि प्रत्येक स्क्रीनला एकच औषध नाही हे मला मिरजेत एका छापखान्यात कळलं. तिथं डीटीपी करणाऱ्या मित्रानं मॉनिटर फिरवून उभा लावलाय, १०८० रुंद आणि १९२० उंच. अख्खं ए४ पान शंभर टक्क्यांना दिसतं आणि वर सातशे-आठशे पिक्सेल उरतात. त्याला दोन काय तीन रांगा बटणं टाकली तरी चालतात, पण बाजूला पॅनेल उघडलं की पंचाईत, कारण रुंदीत कागद सोडून उरतात फक्त २८६. आडव्या स्क्रीनवर बरोब्बर उलटं, तिथं वरची रांग कमी करून बटणं बाजूला नेणं फायद्याचं. लिब्रेऑफिसमध्ये म्हणूनच निवड ठेवलीय, व्ह्यू मेनूत यूजर इंटरफेस म्हणून आहे, त्यात जुने दोन टूलबार, एकच टूलबार, साइडबार, टॅबवाली रिबनसारखी रांग आणि तिचं आखूड रूप असं सगळं मिळतं. लॅपटॉपवर असाल तर साइडबारवालं एकदा लावून बघा, त्या पडीक ५७२ पिक्सेलना काम मिळतं. आणि वर्डच वापरत असाल तर कंट्रोल आणि एफ १ दाबा, रिबन मिटते, नुसती टॅबची नावं राहतात, परत दाबलं की परत येते. मी ओळखीच्या दहा जणांना हे दाखवलं तर दोघांनाच माहीत होतं, आणि बाकीचे रोज आठ आठ तास अर्धं पान बघत काम करतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

कीबोर्डचे शॉर्टकट कुठल्याच स्क्रीनवर आकसत नाहीत हेही इथंच सांगतो. कंट्रोल आणि पी सगळीकडं छापतं. दिवाणजींना मी एफ ९ वर पट्टी छापायला दिली आणि बटणाच्या नावातच बारीक "एफ ९" लिहिलं, आठवड्याभरात माउस बाजूला पडला.

तपासायची माझी पद्धत आता साधी आहे. विंडो पूर्ण मोठी करायची आणि कड धरून ३२० पिक्सेलपर्यंत अगदी सावकाश आत आणायची, प्रत्येक पायरीला थांबून एकच बघायचं, छापा दिसतंय का आणि ते हललं का. मग तेच १२५ टक्क्यांना, १५० ला, २०० ला. मग भाषा मराठी ठेवून परत. यात एक संध्याकाळ जाते, पण सौद्याच्या वेळी फोन येत नाही.

आता एक राहिलंय. दिवाणजींनी तो जुना चौकोनी मॉनिटर टाकू दिला नाही, लॅपटॉपला जोडून घेतला, डावीकडं तो आणि उजवीकडं लॅपटॉप. एक शंभर टक्क्यांवर, दुसरा दीडशेवर, आणि विंडो इकडून तिकडं ओढली की माझी १६ पिक्सेलची चित्रं २४ ची करून दाखवली जातात आणि धुरकट होतात, शोधाचं भिंग तर नुसता डाग दिसतो. विंडोजमध्ये ८.१ पासून प्रत्येक मॉनिटरचं स्केलिंग वेगळं धरायची सोय आहे, ती मी वापरली नव्हती. त्यामुळं १६, २०, २४ आणि ३२ अशा चारही मापांत सगळी चित्रं परत काढायला बसलोय, नऊ झाली, आठ बाकी आहेत, आणि हळदीचे सौदे जोरात सुरू आहेत.